‘पण’ आणि ‘तरी’ : दुराह्याच्या तहाचे वाक्य

थोरल्या बाजीरावाने इ. स. १७३७ च्या अखेरीस भोपाळ येथे निजामाला कोंडले आणि १७३८ च्या आरंभी तह करून त्याला जाऊ दिले. शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसास ही गोष्ट ठाऊक असते. हबीबगंज, अरेरा कॉलनी किंवा तात्या टोपे नगर अशा वस्त्यांतून राहणाऱ्या आपल्यासारख्यांस तर ती घरापासून हाकेच्या अंतरावर घडलेली गोष्ट वाटते. परंतु वर मी ती ‘आणि’ घालून लिहिली, तशी ती सहसा कोणी लिहीत नाही. ‘कोंडले, पण जाऊ दिले’ असे म्हणतात; ‘कोंडले असूनही जाऊ दिले’ असे म्हणतात; ‘जाऊ दिले खरे, पण आधी पुरते कोंडले होते’ असेही म्हणतात. क्रिया त्याच दोन, दोन्ही भूतकाळातील, दोन्ही निर्विवाद. वाद आहे तो सांध्याचा. दोन परस्परविरुद्ध भूतकालीन क्रिया एका वाक्यात कशा जोडाव्यात, हा इंग्रजी व्याकरणाच्या वर्गातला एक रूक्ष धडा. तो आपल्या पूर्वजांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कसा गिरवला आणि त्याचा आपल्या इतिहासलेखनाशी काय संबंध आला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम घटना. १७३७ च्या वसंतात बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला. बादशाह मुहम्मदशाह याने घाबरून निजामुल्मुल्कास दक्षिणेतून बोलावून घेतले, मोठा मान दिला आणि माळव्यातून मराठ्यांस हाकलण्याचे काम त्याच्यावर सोपविले. निजाम जबरदस्त तोफखाना घेऊन माळव्यात उतरला व डिसेंबरात भोपाळला येऊन पोहोचला. बाजीरावाने नर्मदा ओलांडून त्याला येथेच गाठले. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला शहराची तटबंदी, अशा जागी निजामाने आसरा घेतला. जागा बचावाला उत्तम होती, पण तीच त्याला बाधली. मराठ्यांनी सभोवार घोडदळ पसरून धान्य व वैरण तोडली. उत्तरेकडून येणारी कुमक होळकर-पवारांनी रोखली. दक्षिणेतून निजामाच्या मुलाची फौज येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीच्या काठी बसून होते. उपासमारीने जेरीस आलेला निजाम तोफांच्या आडोशाने दिवसाकाठी थोडे थोडे अंतर कापीत उत्तरेकडे सरकू लागला, आणि अखेर भोपाळच्या वायव्येस दुराहा सराई येथे ७ जानेवारी १७३८ रोजी तह झाला. नर्मदा आणि चंबळ यांच्यामधील मुलूख व सर्व माळवा मराठ्यांस द्यावा, बादशाहाकडून त्याची रीतसर सनद मिळवून द्यावी, आणि युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपये मिळावेत म्हणून खटपट करावी, असे निजामाने मान्य केले. त्यानंतर निजाम दिल्लीकडे परतला. पुढच्याच वर्षी नादिरशाहापुढे कर्नाळ येथे बादशाही फौजेची दाणादाण उडाली, तेव्हा तो तेथे हजर होता.

दुराहा म्हणजे जेथे वाट दोन दिशांना फुटते ती जागा. बाजीरावापुढे खरोखरच दोन वाटा होत्या. निजामाचा पुरा बीमोड करणे ही एक आणि तह करून मोकळे होणे ही दुसरी. त्याने दुसरी निवडली. का निवडली, याची कारणे त्याने चिमाजीअप्पांस पत्राने कळविली; निजामाचा तोफखाना भारी, आश्रयाची जागा बळकट, हे त्यांतील मुख्य कारण. ज्याला बाजीरावाच्या शहाणपणाची साक्ष काढावयाची आहे तो म्हणेल, ‘तोफखाना भारी होता, पण बाजीरावाने माळवा मिळविला.’ ज्याला दोष द्यावयाचा आहे तो म्हणेल, ‘बाजीरावाने माळवा मिळविला, पण निजाम निसटला.’ ‘पण’च्या आधीचे वाक्य मान्य केलेले असते, ‘पण’च्या नंतरचे वाक्य ठासून सांगितलेले असते. न्यायाधीशाचा निकाल नंतरच्या अर्ध्यात असतो. इतिहासकार निःपक्षपाती असल्याचे कितीही सांगो, त्याच्या ‘पण’ची जागा पाहिली की त्याचे मत कळते.

‘जरी-तरी’चे तसेच, पण त्यात एक बारकावा आहे. मराठीत ‘जरी’ बहुधा आधी येते व ‘तरी’ मागून येऊन वाक्याचे वजन आपल्याकडे ओढते. इंग्रजीत मात्र ‘दो’ किंवा ‘ऑलदो’ने सुरू होणारा अर्धा भाग पुढेही ठेवता येतो व मागेही. ‘बाजीराव ट्रॅप्ड द निझाम, बट ही लेट हिम गो’ या वाक्याचे रूपांतर ‘बाजीराव लेट द निझाम गो, दो ही हॅड ट्रॅप्ड हिम’ असे होते. घडलेला क्रम उलटला. आधीची गोष्ट नंतर सांगितली गेली. म्हणून तेथे ‘हॅड’ येऊन बसले. दोन भूतकालीन क्रियांपैकी आधीची कोणती हे वाक्यातील क्रमावरून कळेनासे झाले, की इंग्रजी भाषा क्रियापदाच्या रूपाने ते सांगते. क्रम सरळ असेल तर साधा भूतकाळ दोन्हीकडे पुरतो. आपल्या ‘कोंडले होते’ मधील ‘होते’ हेच काम करते. तथापि मराठी लेखक क्रम सहसा उलटवीतच नाही, त्यामुळे ‘होते’ची निकड त्याला क्वचित भासते. इंग्रजी ‘हॅड’ शिकताना मराठी विद्यार्थ्यांची तारांबळ उडते ती यामुळे. रूप कठीण नाही, गरज अनोळखी आहे.

जुन्या मराठीत असे सांधे नव्हते काय? होतेच, आणि विपुल होते. ‘पण’ हा शब्द संस्कृत ‘पुनः’पासून प्राकृत ‘पुण’वाटे आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘पुन्हा, आणखी’ असा. गुजरातीत ‘पण’ अजूनही ‘सुद्धा’ या अर्थाने चालतो. ‘परी’ आणि हिंदीतील ‘पर’ हे ‘परम्’चे वंशज. ‘परंतु’, ‘किंतु’, ‘यद्यपि-तथापि’ थेट संस्कृतातून आले. शिवाय मराठीची खास स्वतःची सोय म्हणजे ‘-ऊनही’. ‘तोफा असूनही निजाम मैदानात उतरला नाही’ यात विरोध आहे, दोन गोष्टी आहेत, परंतु व्याकरणदृष्ट्या वाक्य एकच, केवल वाक्य. ‘न लढता परतला’ हेही त्याच जातीचे.

पेशवाईतील मोडी पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांस हे ठाऊक आहे की त्यांत विरामचिन्हे नसतात, शब्दांमध्ये अंतरही नसते. ओळ सलग वाहते. ‘येऊन, जाऊन, करून’ अशा धातुसाधितांची माळ ओवीत लेखक मैलभर जातो. मग वाचणाऱ्याने श्वास कोठे घ्यावा? ‘परंतु’, ‘तथापि’, ‘त्यास’, ‘सबब’ हे शब्द तेथे वाटेवरच्या मैलाच्या दगडांप्रमाणे उभे असतात. ‘परंतु’ आला की आजवरची वाट वळणार हे मुत्सद्द्यास कळत असे. जोडणारा शब्दच विरामचिन्हाचेही काम करीत होता. पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या पुढाकाराने इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रूढ झाली, तेव्हा ‘पण’च्या आधी स्वल्पविराम किंवा अर्धविराम देण्याचा नियम आला आणि या शब्दावरचे अर्धे ओझे उतरले. काहींना विरामचिन्हे परकी वाटत असतील. मला कँडी यांचे हे ऋण मोठे वाटते.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीचे इंग्रजीतून लिहिलेले पहिले छापील व्याकरण विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये प्रसिद्ध केले; त्यांना साहाय्य करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. परंतु मराठी माणसाने मराठीतून लिहिलेले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेलेले व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ चे. दादोबांनी आधार घेतला तो लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीचा. मरे यांचे पुस्तक १७९५ मध्ये निघाले आणि इंग्लंड-अमेरिकेत शेकडो वेळा छापले गेले. शब्दांच्या ज्या आठ जाती आपण शाळेत घोकल्या, त्या या वाटेने आल्या. संस्कृत वैयाकरणांनी ‘च’, ‘वा’, ‘तु’ यांना निपातांच्या मोठ्या गठ्ठ्यात ठेवले होते. जोडणाऱ्या शब्दांसाठी वेगळे घर बांधले नव्हते. ‘उभयान्वयी अव्यय’ हे घर इंग्रजी नकाशावरून बांधले गेले, मात्र त्यावरची पाटी संस्कृत आहे. दोहोंशी अन्वय असणारे, ते उभयान्वयी. पाटी इतकी चपखल की मूळ नकाशा कोठला हे कोणी विचारीत नाही.

मरे यांच्या व्याकरणात एक गमतीचा विरोधाभास आहे. त्यांनी जोडणाऱ्या शब्दांचे दोन वर्ग केले. एक जोडणारा आणि दुसरा, शब्दशः सांगावयाचे तर, ‘वियोग करणारा’. ‘बट’, ‘ऑर’, ‘दो’, ‘येट’, ‘अनलेस’ ही सारी मंडळी दुसऱ्या वर्गात. जोडणाऱ्या शब्दांतच तोडणारे! वाक्य जोडतात, अर्थ तोडतात, असे त्याचे समर्थन. मराठी व्याकरणात ही दाटी पुढे मोडली. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये निघाले. तेथवर येता येता समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक असे प्रधान वाक्यांना जोडणाऱ्यांचे चार पोटभेद आणि ‘जरी-तरी’ ज्यात येतात तो संकेतबोधक इत्यादी गौणत्वाचे भेद आपल्या परिचयाचे झाले. ‘पण, परंतु, परी, किंतु, बाकी’ यांना मिळालेले ‘न्यूनत्वबोधक’ हे नाव मला इंग्रजी नावापेक्षा फार सरस वाटते. पहिल्या वाक्यात काहीतरी उणे आहे, आणि ते उणेपण दुसरे वाक्य दाखविते. ‘माळवा मिळविला’ यात उणे काय? ‘निजाम निसटला’ हे. नुसता विरोध सांगून न थांबता, कोणाच्या पदरी उणेपणा पडला हेही हे नाव सांगते. या यादीत ‘बाकी’ हा अरबी शब्द आहे, हेही पाहण्यासारखे.

इंग्रजी आणि मराठी वाक्ये समोरासमोर ठेवण्याची सवय याच काळात लागली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते दोन स्तंभांत, एकात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी. वाचकाला ‘बट’च्या समोर ‘परंतु’ आणि ‘दो’च्या समोर ‘जरी’ डोळ्यांनी दिसू लागले. त्याआधी थोडीच वर्षे, १८२६ मध्ये, ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास लंडनला प्रसिद्ध झाला होता. त्यांनी बाजीरावाच्या पत्रांचा उपयोग केला होता आणि भोपाळच्या मोहिमेची हकीकतही दिली होती. १८३० च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन व बाबा साने यांनी त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने केले आणि ते पुढे कित्येक दशके शाळांतून वाचले गेले. म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी आपला इतिहास एका इंग्रज अधिकाऱ्याच्या वाक्यांतून वाचला, आणि त्या वाक्यांतील ‘पण’ कोठे पडावा हे त्या अधिकाऱ्याने ठरविले होते. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफ यांच्या ग्रंथावर टीका लिहिली, तो मराठी इतिहाससंशोधनाचा आरंभबिंदू मानतात. मला ती टीका एका अर्थाने व्याकरणाचीही वाटते. घटना त्याच ठेवून सांधे पुन्हा तपासणे, ‘मराठ्यांनी मिळविले, पण लुटून’ या थाटाच्या वाक्याला ‘लूट झाली असेल, पण राज्य उभे राहिले’ असे उत्तर देणे, हेच पुढच्या दोन पिढ्यांचे काम झाले. (ही दोन्ही वाक्ये नमुन्यादाखल मी रचलेली आहेत, कोणाच्या ग्रंथातील नव्हेत.)

आपल्या अगदी शेजारी, भोपाळपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील सिहोर येथे याच सुमारास जे चालले होते, त्याचाही उल्लेख येथे केला पाहिजे. भोपाळ दरबाराकडील इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी तेथील पाठशाळेत पंडितांना हाताशी धरून सिद्धान्त ज्योतिषाच्या आधारे नवे खगोलशास्त्र शिकविण्याचा प्रयोग केला. त्या पंडितांपैकी सुबाजी बापू हे मराठी. पुराणे, सिद्धान्तग्रंथ आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना करणारा त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ मुंबईस १८३६ मध्ये, म्हणजे दादोबांचे व्याकरण निघाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. नागपूर येथे विल्किन्सनांच्या दृष्टीस पडलेले बापूदेव शास्त्री १८३८ मध्ये सिहोरास आले आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत नामवंत झाले. ‘पूर्वजांनी असे मानले, परंतु वेध घेता असे आढळले’ ही सुबाजी बापूंसारख्यांच्या लेखनाची मूळ घडण. पूर्वजांचा अधिक्षेप न करता त्यांच्याहून वेगळे सांगण्याची जबाबदारी त्या एका ‘परंतु’वर होती. मध्य हिंदुस्थानात मराठी माणसे केवळ तलवार आणि दौत घेऊन आली नाहीत, असाही वाद घालणारी आली, हे आपण विसरून जातो.

शाळेतील इंग्रजीची गोष्ट निराळी. मरे यांच्या काळी ‘दो’ आल्यावर पुढच्या अर्ध्यात ‘येट’ आणणे शिष्ट मानले जाई; ‘दो-येट’ ही जोडी त्यांनी नियमातच सांगितली आहे. ‘यद्यपि-तथापि’ आणि ‘जरी-तरी’ यांच्यात वाढलेल्या मराठी विद्यार्थ्यास हे सोयीचे पडले. पुढे इंग्रजांनी ‘येट’ टाकून दिले, आपण मात्र मनातून टाकले नाही. त्यामुळे ‘दो’नंतर ‘बट’ घालण्याची आपली खोड गेली नाही आणि तांबड्या शाईचा खर्च वाढला. तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ कित्येक घरांत पिढीजात वस्तूप्रमाणे सांभाळलेली असे. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ आणि पुढे साहसकथांचे लोकप्रिय लेखक. त्या पुस्तकातील वाक्ये जोडण्याचे धडे, म्हणजे मराठीत ज्याला वाक्यसंकलन म्हणतात ते, अनेकांना अजून आठवत असतील. दोन सुटी वाक्ये द्यावयाची, आणि विद्यार्थ्याने ती एकदा ‘बट’ने, एकदा ‘दो’ने, एकदा ‘इन स्पाइट ऑफ’ने जोडावयाची. तीन उत्तरे तिन्ही बरोबर. पण तिन्हींचा अर्थ एकच नाही, हे मात्र तेथे कोणी सांगत नसे.

या धड्यांत मराठी मुलाच्या वाटेत दोन खड्डे हमखास येत. विरोध दाखविणाऱ्या वाक्यात एका अर्ध्यात नकार असतो. मराठीत नकारातही क्रियापदाचे भूतकाळी रूप टिकते: आला, आला नाही. इंग्रजीत ‘केम’चा नकार ‘डिड नॉट कम’. भूतकाळ ‘डिड’ घेऊन जातो आणि क्रियापद मूळ रूपावर येते. ‘डिड नॉट केम’ लिहिणारा मुलगा आळशी नसतो, तो आपल्या भाषेशी प्रामाणिक असतो. दुसरा खड्डा अधिक खोल, कारण तो दोन्ही भाषांच्या हाडापर्यंत जातो. इंग्रजीत एकच कर्ता दोन क्रियापदांना पुरतो. ‘निजामाने तोफा आणल्या, पण तो मैदानात उतरला नाही’ यात मात्र मराठीला ‘निजामाने’ आणि ‘तो’ असे दोन लागतात, कारण पहिला प्रयोग कर्मणी व दुसरा कर्तरी. ‘बाजीरावाने निजामाला कोंडले, निजामाने तह केला, पण तो दिल्लीकडे परतला’ या एवढ्याशा वाक्यात भावे, कर्मणी आणि कर्तरी असे तिन्ही प्रयोग येऊन गेले! भूतकाळाची वाट संस्कृतातील ‘तेन पठितम्’ या कर्मणी रचनेतून आल्याचा हा परिणाम. सकर्मक क्रियेचा कर्ता ‘ने’ घेतो, अकर्मक क्रियेचा घेत नाही, आणि ‘पण’च्या अलीकडे-पलीकडे कर्ता वेष बदलतो. येथे मौज अशी की ‘मी’ आणि ‘तू’ वेष बदलत नाहीत. ‘मी पाहिले, पण थांबलो नाही’ हे निर्दोष मराठी आहे. हिंदीला येथेही ‘मैंने’ आणि ‘मैं’ असा फरक करावा लागतो. म्हणून आत्मचरित्राची मराठी इंग्रजीइतकीच सुटसुटीत धावते, आणि इतिहासाच्या मराठीस पावलोपावली ‘त्याने’ व ‘तो’ सांभाळावे लागतात.

हिंदीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडील मराठीविषयी थोडे लिहिले पाहिजे. भोपाळमध्ये मराठी कुटुंबे अनेक वाटांनी आली. काही ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार या संस्थानांच्या चाकरीतून. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या जुन्या सचिवालयातून बरीच. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण ही माणसे दप्तरांबरोबर इकडे आली. त्यांच्या मुलांनी घरात मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशी तीन तऱ्हांची वाक्यरचना एकाच वेळी उचलली. हिंदीत विरोधाचे शब्द उदंड: अरबीतून आलेले ‘लेकिन’, फारसीतून आलेले ‘मगर’ आणि ‘बल्कि’, घरचे ‘पर’, आणि ‘जबकि’. यांपैकी ‘जबकि’ने आपल्या मराठीत शिरकाव केला आहे. ‘मी वेळेवर पोहोचलो, जेव्हा की तो आलाच नाही’ असे वाक्य आता आपल्या घराघरांतून ऐकू येते, आणि हल्ली महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतही दिसू लागले आहे. इंग्रजी ‘व्हाइल’ जसे ‘त्याच वेळी’ या अर्थावरून ‘उलट’ या अर्थाकडे सरकले, तसेच ‘जबकि’ सरकले. मराठी ‘जेव्हा’ मात्र सरकलेला नाही. तो अजून घड्याळाकडेच पाहतो. ‘जेव्हा’ म्हटले की त्याला ‘तेव्हा’ हवा. ‘एकीकडे बाजीराव भोपाळास वेढा घालून होता, तर दुसरीकडे चिमाजीअप्पा तापीवर होते’ असा ‘तर’ मराठीत आहे, ‘उलट’ आहे, ‘मात्र’ आहे. एवढे असताना ‘जेव्हा की’ची उसनवारी कशाला, असे मला वाटते. तथापि ‘बाकी’ आणि ‘सबब’ आपण पचविले तसे हेही पुढे पचेल, असे म्हणणाऱ्याशी मी फार भांडणार नाही.

आणखी एक वेढा आहे, ज्याच्याविषयी आपल्या मंडळींत कमी बोलले जाते. १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला कित्येक महिने वेढा घातला. शहरात अन्नाचे दुर्भिक्ष झाले. वझीर मुहम्मद याने मूठभर लोकांनिशी तट लढविला, शहरातील स्त्रियांनीही तटावर हातभार लावला, आणि वेढा उठला. जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. भोपाळच्या शाहजहान बेगमेने आपल्या घराण्याचा इतिहास ‘ताज-उल-इक्बाल’ या नावाने लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये निघाले. या घटनेचे वाक्य भोपाळी माणूस ‘त्यांनी वेढा घातला, पण शहर पडले नाही’ असे रचणार. मराठी माणूस, आठवण झालीच तर, ‘शहर पडले नाही, पण फार थोड्याने’ असे रचील. आपण कोणते रचावे? ज्या शहराने पुढे आपल्या आजोबांना घर दिले, त्या शहरात बसून मी तरी पहिले वाक्य लिहीन. आणि १७३८ विषयी ‘माळवा मिळविला’ हे शब्द ‘पण’च्या नंतर ठेवीन.

सांधा बदलला की माणसांची आठवणही बदलते, याचे ताजे उदाहरण आपल्या रेल्वे स्थानकाचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हबीबगंज स्थानकास गोंड राणी कमलापतीचे नाव देण्यात आले. ‘नाव बदलले, पण रिक्षावाला हबीबगंजच म्हणतो’ आणि ‘रिक्षावाला हबीबगंज म्हणतो, पण नाव बदलले आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात एकाच दिवशी ऐकावयास मिळतात. पहिले बहुधा आजोबांचे असते व दुसरे नातवाचे.

दुराह्याच्या तहाची सांगता मात्र या साऱ्या सांध्यांना दाद देत नाही. निजामाने सनद मिळवून देण्याचे मान्य केले होते. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला. माळव्याची बादशाही सनद १७४१ मध्ये नानासाहेबांच्या काळी आली. या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ घालावा, ‘आणि’ घालावा की ‘तरी’, हे मी बराच काळ ठरवीत होतो. शेवटी कँडीसाहेबांचा पूर्णविरामच ठेवला.